इंग्रजीच्या तासाला मराठीची बंदी : एका शिक्षणतत्त्वाची चिकित्सा

१

इंग्रजीच्या तासाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा उच्चारू नये, हा दंडक मराठी माध्यमाच्या शाळांच्या अंगवळणी पडला आहे. त्यामागे काही सिद्धान्त आहे काय, तो कोणत्या परिस्थितीत मांडला गेला आणि येथील विद्यार्थ्याला तो कितपत लागू पडतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. अध्यापक-प्रशिक्षणाच्या वर्गांत हा दंडक शिकवला जातो आणि पाठनिरीक्षणाच्या वेळी त्याच्या पालनाची नोंद होते. प्रत्यक्षात मात्र निरीक्षकाची पाठ वळताच अध्यापक धड्यातील एकेक वाक्य वाचून त्याचा मराठी अर्थ सांगू लागतो. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतो, इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहितो आणि परीक्षा जवळ आली की गाईडातील उत्तरे पाठ करतो. अर्थात मराठीला बंदी असूनही मराठी वर्गातून गेलेली नाही. ती मागील दाराने, कोणत्याही योजनेवाचून आणि थोड्याशा अपराधी भावनेने वावरत असते.

हा दुभंग केवळ अध्यापकांच्या शिथिलतेचा परिणाम मानणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ज्या तत्त्वाचे पालन बहुसंख्य प्रामाणिक अध्यापकांनाही साधत नाही, ते तत्त्वच एकदा तपासून पाहणे अगत्याचे ठरते. या तपासणीला आणखी एक कारण आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई राज्यातील मराठी शाळांत इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपासून होत असे. पुढे महाराष्ट्रात तो पाचवीवर आला आणि २००० सालापासून तो पहिलीवर आणण्यात आला. आरंभ असा अलीकडे ओढला गेला, पण शिकवावे कसे याचा विचार त्या वेगाने पुढे सरकला नाही. आठवीतील विद्यार्थी निदान आपल्या भाषेचे व्याकरण थोडेफार शिकून आलेला असे. पहिलीतील मुलाला मराठी अक्षरओळखही पुरती झालेली नसते. अशा मुलाजवळ आधार म्हणून असते ती केवळ त्याची बोलण्याची भाषा, आणि तोच आधार बाजूला ठेवण्यास त्याला सांगितले जाते.

२

मराठीभाषकांच्या इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात भाषांतरपद्धतीचा काळ मोठा आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हे त्या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण होय. आधी नियम, मग शब्द, मग दोन्ही बाजूंनी भाषांतरासाठी वाक्ये, हा तिचा क्रम होता. अनेक पिढ्यांनी तिच्या आधारे, कित्येकदा शिक्षकावाचून, इंग्रजी वाचनाची पात्रता मिळवली. पुढे तिची थट्टाही भरपूर झाली. संदर्भ तुटलेली वाक्ये, बोलण्याचा अभाव आणि शब्दाला शब्द ठेवण्याची सवय हे तिच्यावरील आक्षेप खरे आहेत. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शिकणाऱ्याला आधीच एक भाषा येते, हे या पद्धतीने गृहीत धरले होते. तिची उणीव होती ती त्या भाषेच्या रचनेत ती पुरेशी खोल शिरली नाही ही. तिने मराठी शब्द वापरले. मराठी वाक्य कोणत्या नियमांनी चालते, याचा विचार तिला क्वचितच शिवला.

तिच्यानंतर आलेल्या पद्धतींनी हे गृहीतच सोडून दिले. प्रत्यक्षपद्धतीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोप-अमेरिकेत आहे. बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे भाषाशाळा काढली. तेथे विद्यार्थ्यांची भाषा न जाणणाऱ्या शिक्षकाला शिकवावे लागले आणि त्यातून ही पद्धत जन्मली, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, तिचे मर्म महत्त्वाचे आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात समान भाषा नसते, तेव्हा मातृभाषेचा त्याग ही निरुपायाने पत्करलेली गोष्ट असते. त्या निरुपायाचे पुढे तत्त्व झाले.

१९५० नंतरच्या दशकांत भारतात जी संरचनापद्धती आली, ती याच वळणाची होती. इंग्रजीची वाक्यरूपे सोपी-अवघड अशा क्रमाने लावावीत, तोंडी सराव करून घ्यावा आणि अर्थ प्रसंगातून स्पष्ट करावा, हा तिचा आग्रह. सराव आणि क्रम या दोहोंची तिने लावलेली शिस्त मोलाचीच आहे. परंतु सोपे व अवघड हे कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न तिच्या पाठ्यक्रमांत क्वचितच उपस्थित झाला. तमिळभाषक, बंगालीभाषक व मराठीभाषक मुलाला एकच क्रम सारखाच सोपा वाटेल, असे मानण्यास आधार नव्हता. चार्ल्स फ्रीझ यांनी १९४५ मध्ये आणि रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये शिकणाऱ्याच्या भाषेशी तुलना करूनच अध्यापनसाहित्य रचावे असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या विचारातील सराव तेवढा स्वीकारला गेला. तुलना मागे पडली.

१९६१ च्या जानेवारीत युगांडातील माकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनाविषयी राष्ट्रकुलातील देशांची परिषद भरली. तिच्यातून दृढ झालेली गृहीते रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये पाच सूत्रांत मांडली आणि त्यांना भ्रम म्हटले. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. ज्याची ती मातृभाषा तोच आदर्श शिक्षक. जितका आरंभ लवकर तितके बरे. जितकी इंग्रजी अधिक तितके बरे. आणि इतर भाषांचा वापर वाढला तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिपसन यांची राजकीय मीमांसा पूर्णतः मान्य असो वा नसो, ही पाच सूत्रे वाचताना महाराष्ट्रातील शैक्षणिक चर्चा परिचित असणाऱ्याला ती परकी वाटत नाहीत. त्यांपैकी पहिले सूत्र हाच प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

३

या सूत्राची परीक्षा तत्त्वचर्चेपेक्षा विद्यार्थ्यांच्या वाक्यांवरून अधिक चांगली होते. मराठीभाषक विद्यार्थ्याच्या वहीत वारंवार आढळणारे एक वाक्य घ्यावे : ‘ही इज लिव्हिंग इन पूना सिन्स टू इयर्स.’ अध्यापक येथे दोन ठिकाणी तांबडी रेघ ओढतो. एक ‘सिन्स’खाली आणि दुसरी ‘इज लिव्हिंग’खाली. नियम सांगितला जातो की कालबिंदू असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधी असेल तर ‘फॉर’. विद्यार्थी नियम पाठ करतो आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा लिहितो.

तो असे का करतो हे मराठीकडे पाहिल्यावाचून कळणार नाही. ‘तो दोन वर्षांपासून पुण्यात राहतो’ आणि ‘तो २०२० पासून पुण्यात राहतो’ ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत. ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय बिंदू व अवधी या दोहोंना चालते, आणि क्रियापद दोन्हीकडे वर्तमानकाळी असते. म्हणजे विद्यार्थ्याच्या एका इंग्रजी वाक्यात मराठीचे दोन नियम अचूक पाळले गेले आहेत. त्याची चूक नियमाच्या अभावाची नाही. एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत नेल्याची आहे.

येथे मराठीला वर्गाबाहेर ठेवले तर हे स्पष्टीकरण अशक्य होते. तिला वर्गात घेतले तर स्पष्टीकरणच नव्हे, उपायही तिच्यातच सापडतो. मराठीत ‘गेली दोन वर्षे तो पुण्यात राहतो’ असे म्हणता येते. ‘गेले तीन दिवस पाऊस पडतो आहे’ असेही म्हणता येते. परंतु ‘गेले २०२०’ किंवा त्या अर्थाने ‘गेला सोमवार तो पुण्यात राहतो’ असे म्हणता येत नाही. म्हणजे बिंदू आणि अवधी यांतील भेद मराठीभाषकाला ठाऊक आहे. ‘पासून’ने तो झाकला जातो इतकेच. जेथे ‘पासून’ काढून मागे ‘गेली’ वा ‘गेले’ लावता येते, तेथे इंग्रजीत ‘फॉर’. जेथे ते जमत नाही, तेथे ‘सिन्स’. ही कसोटी पाचवीतील मुलालाही स्वतः लावून पाहता येते, कारण तिचा निवाडा त्याच्या कानाने करावयाचा असतो. राहिला प्रश्न क्रियापदाचा. मराठी वर्तमानकाळाने भूतकाळात सुरू होऊन आजवर चालू असलेली क्रियाही सांगते, इंग्रजीत तिच्यासाठी निराळे रूप लागते, एवढे सांगितले की ‘हॅज बीन लिव्हिंग’ या रूपाचे प्रयोजन त्याला कळते. प्रयोजन कळलेले रूप सरावाने बसते. प्रयोजनावाचून केलेला सराव परीक्षेपुरता टिकतो.

दुसरे उदाहरण अप्रत्यक्ष कथनाचे. शालेय इंग्रजीत हे प्रकरण यांत्रिक रूपांतराचे म्हणून प्रसिद्ध आहे. ‘आय’चे ‘ही’ करा, ‘विल’चे ‘वुड’ करा, ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’ करा, असा कोष्टकवजा नियम पाठ केला जातो. तरीही विद्यार्थी मुक्त लेखनात ‘ही सेड दॅट आय विल कम टुमारो’ असे लिहितो. अध्यापक ही काळाची चूक समजतो. वस्तुतः येथे अर्थच पालटला आहे. इंग्रजी वाक्यातील ‘आय’ म्हणजे निवेदक. विद्यार्थ्याच्या मनात मात्र येणारा ‘तो’ आहे.

मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ या वाक्यातील ‘मी’ बोलणाऱ्याचे मूळ शब्द राखून ठेवू शकतो. ‘की’ने जोडलेले उपवाक्य प्रत्यक्ष कथनाचे रूप सोडीत नाही. म्हणूनच ‘त्याने सांगितले की मी नापास झालो’ हे वाक्य वर्गात उच्चारले आणि नापास कोण झाले असे विचारले, तर वर्गात दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे बरोबर असते. मराठीत संदिग्ध राहू शकणारी ही गोष्ट इंग्रजी ‘दॅट’नंतर संदिग्ध राहत नाही, तेथे सर्वनाम निवेदकाच्या जागेवरूनच ठरते. हा भेद एकदा जाणवला की कोष्टकातील तीन सूचना एका तत्त्वाची तीन अंगे आहेत हे विद्यार्थ्याला दिसते. व्यक्ती, काळ आणि दिवस या तिन्ही गोष्टी निवेदकाच्या जागेवरून मोजावयाच्या, हे ते तत्त्व होय.

तिसरे उदाहरण उपपदांचे. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थ्याला ती येत नाहीत, असे विधान सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे. ‘एका गावात एक शेतकरी राहत होता’ असा आरंभ प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेला असतो. पुढच्या वाक्यात ‘शेतकरी गरीब होता’ असे येते. तेथे ‘एक’ येत नाही, आणि आले तर दुसराच कोणी शेतकरी अवतरल्यासारखे वाटते. नव्याने ओळख करून देणे आणि ओळख झालेल्याचा पुन्हा उल्लेख करणे हा भेद मराठी जाणते. या मर्यादेत ‘एक’ आणि ‘अ’ यांचे कार्य सारखे आहे. परंतु ‘माझा भाऊ शिक्षक आहे’ या वाक्यात मराठी ‘एक’ घेत नाही. तेथे शिक्षक या वर्गातील म्हणून भावाची गणना आहे, नव्या व्यक्तीची ओळख नाही. इंग्रजीत दोन्ही कार्यांना ‘अ’ लागतो. त्यामुळे गोष्ट सांगताना ‘अ’ बरोबर घालणारा विद्यार्थी भावाविषयी मात्र ‘माय ब्रदर इज टीचर’ असे लिहितो. सर्वत्र उपपदे विसरणारा आणि केवळ येथे विसरणारा, असे दोन विद्यार्थी अध्यापकाच्या लेखी सारखेच ठरतात. वास्तविक दुसऱ्याने निम्मी वाट चाललेली असते. त्याला उरलेली निम्मी वाट दाखवण्याऐवजी पुन्हा आरंभापासून उपपदांचा धडा दिला जातो.

चौथे उदाहरण मराठीच्या तासाशीच जोडलेले आहे. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ या क्रियापदांना मराठी व्याकरणात भावकर्तृक म्हणतात, कारण त्यांचा स्पष्ट कर्ता वाक्यात नसतो. शालेय विद्यार्थी ही संज्ञा एका गुणासाठी पाठ करतो आणि विसरतो. त्याच विद्यार्थ्याला पुढच्या तासाला ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज गेटिंग डार्क’ ही वाक्ये भेटतात आणि हा ‘इट’ कोण, असा प्रश्न पडतो. ‘इट म्हणजे ते’ असे उत्तर मिळाले की गोंधळ वाढतोच. मराठी कर्त्याची जागा मोकळी ठेवू शकते, इंग्रजी वाक्याला ती मोकळी ठेवता येत नाही, म्हणून तेथे एक अर्थशून्य शब्द बसवला जातो, एवढे सांगण्यासाठी लागणारी सर्व सामग्री आदल्या तासाला शिकवून झालेली असते. दोन तासांमधील भिंत तेवढी आड येते.

४

या उदाहरणांवरून विद्यार्थ्याची प्रत्येक चूक मराठीतून येते असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. तौलनिक विश्लेषणाच्या आरंभीच्या काळात ही अतिशयोक्ती झाली आणि पुढे तिचे निराकरणही झाले. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये शिकणाऱ्याच्या चुका या त्याच्या मनात आकार घेणाऱ्या व्यवस्थेच्या खुणा मानाव्यात असे सुचवले. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या मधल्या व्यवस्थेला नाव दिले. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिशभाषक व चिनीभाषक मुलांच्या इंग्रजीची तुलना करून, इंग्रजीचे कित्येक व्याकरणिक प्रत्यय दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच क्रमाने आत्मसात होतात असे दाखवले.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीतही याचा प्रत्यय येतो. ‘ही गो टू स्कूल’ असे तो लिहितो, तेव्हा मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही म्हणून, असे म्हणता येणार नाही. ‘तो जातो, ती जाते, तू जातोस, ते जातात’ असे भरघोस रूपवैविध्य त्याच्या तोंडी आहे. इंग्रजीतील तो एकुलता ‘स’ जगातील नाना भाषांचे विद्यार्थी गाळतात. त्याचप्रमाणे ‘गो’चे भूतकाळी रूप ‘गोएड’ करणारा मराठी मुलगा इंग्रज बालकाचीच चूक करीत असतो. त्याने इंग्रजीचाच नियम अधिक ताणलेला असतो. अशा ठिकाणी मराठीचा आधार देण्यात अर्थ नाही. तेथे भरपूर वाचन, ऐकणे आणि धीर हीच औषधे. मराठी केव्हा बोलावी याइतकेच ती केव्हा बोलू नये हेही अध्यापकाला कळावे लागते, आणि दोन्ही गोष्टी कळण्यासाठी त्याला दोन्ही भाषांच्या रचनेचे ज्ञान लागते. बंदी घातल्याने हे ज्ञान अनावश्यक ठरते. बंदीची ही सर्वांत मोठी हानी होय, कारण ती अध्यापकालाच निःशस्त्र करते.

५

बंदीच्या समर्थकांचे तीन आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की वर्गाबाहेर इंग्रजी कानावर पडत नाही. मग वर्गातील थोडका वेळही मराठीत का दवडावा? आठवड्याच्या सहा-सात तासिका धरल्या तरी विद्यार्थ्याच्या वाट्याला जेमतेम चार तास येतात, हे खरे आहे. परंतु याच गणितातून उलट निष्कर्षही निघतो. इंग्लंड, कॅनडा वा अमेरिकेत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याविषयी जे संशोधन झाले, त्यातील मूल शाळेच्या दाराबाहेर पडताच इंग्रजीत बुडालेले असते. तेथेही जिम कमिन्स यांच्या १९७९ पासूनच्या लेखनाने पहिल्या भाषेतील पाया भक्कम असल्यास दुसऱ्या भाषेतील अभ्यासाला बळ मिळते, हा विचार पुढे आणला. ज्या मुलाला बाहेर इंग्रजीचा ओघळही लाभत नाही, त्याला चार तासांत केवळ संपर्काने भाषा यावी अशी अपेक्षा कशी धरता येईल? अल्प वेळेत ऐकण्या-बोलण्याचा सराव हवाच; पण दोन मिनिटांच्या मराठी स्पष्टीकरणाने जे उलगडते, ते वीस मिनिटांच्या हावभावांनी सुचवीत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. माध्यमिक शालान्त परीक्षेत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची इंग्रजी ‘तृतीय भाषा’ म्हणून नोंदली जाते. तिच्या अध्यापनाची पद्धत मात्र ती जणू त्याच्या परिसराची भाषा असल्यासारखी ठरवली जाते.

दुसरा आक्षेप असा की मराठीला मोकळीक दिली तर इंग्रजीचा तास संपूर्ण भाषांतराचा तास होईल. ही भीती निराधार नाही. तथापि आरंभी वर्णिलेले वर्गाचे चित्र पाहता ही स्थिती बंदी असतानाच आलेली आहे. धड्याचा अर्थ मराठीत सांगून मोकळे होणे आणि मराठीच्या रचनेशी तुलना करून इंग्रजी रचना उघड करणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्यापासून दूर नेते, दुसरी त्याला त्या वाक्यात परत आणते. सरसकट बंदीमुळे हा विवेक शिकवण्याची सोयच उरली नाही. बेंगळूर प्रकल्पात एन्. एस्. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जे प्रयोग केले, त्यांचा भर विद्यार्थ्याचे चित्त अर्थावर आणि हातातील कामावर गुंतवण्यावर होता. तुलनेचे व्याकरण आणि अर्थपूर्ण काम यांत विरोध नाही. कामात अडलेल्या विद्यार्थ्याला तुलनेने वाट मोकळी करून द्यावी आणि पुन्हा कामाला लावावे, असा दोहोंचा मेळ घालता येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मराठी शाळेतील प्रत्येक मुलाची घरची भाषा मराठी असते काय? नंदुरबारमधील भिली बोलींचा मुलगा, मेळघाटातील कोरकू बोलणारी मुलगी, गडचिरोलीतील गोंडी वा माडिया कुटुंबातील मूल यांना मराठी हीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा आहे. कोरकू तर मुंडा कुळातील आणि गोंडी द्राविडी कुळातील. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही निरनिराळ्या घरच्या भाषांची मुले बसतात. अशा वर्गात प्रमाण मराठीशी तुलना करणे म्हणजे काही मुलांना एका परक्या भाषेने दुसरी परकी भाषा समजावणे ठरेल.

हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. पण तो मान्य केल्याने बंदीचे समर्थन होत नाही. तुलनेचे तत्त्व आणखी पुढे नेण्याची गरज सिद्ध होते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील बहुभाषिकता ही अडचण न मानता साधनसंपत्ती मानावी असे म्हटले आहे. ‘तुमच्या घरी हे कसे म्हणतात?’ हा प्रश्न अध्यापकाने विचारला, तर कोरकू मुलीचे उत्तर वर्गाच्या ज्ञानात भर घालते, आणि इंग्रजीइतकीच मराठीही एका विशिष्ट तऱ्हेने रचलेली भाषा आहे हे मराठीभाषक मुलांनाही कळते. अध्यापकाला कोरकू येत नसेल. तरी विचारता येते. बंदीच्या वर्गात मात्र हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे मराठी मुलाची भाषा एकदा गप्प होते, आणि कोरकू मुलीची दोनदा.

६

यातून व्यवहारात काय निष्पन्न व्हावे? पहिली गोष्ट म्हणजे मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास यांतील भिंत दूर झाली पाहिजे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून अरविंद मंगरूळकर यांच्या १९६४ च्या ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचारा’पर्यंत, आणि अशोक केळकर यांच्या १९५८ च्या प्रबंधापासून पुढील भाषावैज्ञानिक वर्णनांपर्यंत, मराठीच्या रचनेचा अभ्यास बराच झालेला आहे. तो इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत आणि शिक्षकांसाठीच्या सूचनांत फारसा उतरलेला दिसत नाही. विद्यापीठातील भाषाविभाग आणि अध्यापक-शिक्षण यांच्यातील हे अंतर आहे, आणि त्याची जबाबदारी शाळेपेक्षा विद्यापीठावर अधिक आहे. ‘पासून’, ‘की’, ‘एक’, भावकर्तृक क्रियापदे, ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याकडे सायकल आहे’ या दोन्ही वाक्यांना इंग्रजीत लागणारे एकच ‘हॅव’, ‘आम्ही’ व ‘आपण’ या दोहोंसाठी असलेले एकच ‘वुई’, अशा स्थळांची शिस्तवार यादी करून प्रत्येकासाठी कसोटी-वाक्ये तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांना सहज पेलणारे काम आहे. मराठीच्या बोलींपुरते आणि राज्यातील आदिवासी भाषांपुरते हेच काम करणे अधिक कठीण आहे, आणि अधिक निकडीचेही.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. चुकीखाली रेघ ओढून गुण वजा करणारी तपासणी, मराठीतून आलेली चूक, इंग्रजीचा नियम ताणल्याची चूक आणि केवळ अनवधानाची चूक यांत भेद करीत नाही. तिन्हींवरील उपाय वेगळे आहेत. निदानावाचून दिलेल्या औषधाप्रमाणे मग सर्वांना एकच शिक्षा दिली जाते : ‘दहा वेळा लिहा.’

तिसरी गोष्ट दृष्टीची. लेव्ह विगोत्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परभाषा शिकताना मूल आपल्या भाषेच्या रूपांविषयी जागृत होते, आणि हे शिक्षण मातृभाषेच्या विकासावर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे. याचा अर्थ असा की इंग्रजीचा तास नीट चालला तर त्यात मराठीचेही शिक्षण होते. मराठीच्या हिताची काळजी वाहणारे आणि इंग्रजीच्या हिताची काळजी वाहणारे यांनी एकमेकांशी भांडण्याचे कारण निदान या वर्गापुरते तरी उरत नाही.

मायकेल वेस्ट यांनी १९२६ च्या आपल्या बंगालविषयक अहवालात एक मार्मिक कल्पना वापरली होती. विमापत्र मुदतीपूर्वी परत केल्यास जशी काही रक्कम हाती येते, तसे शाळा मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती त्या वेळेपर्यंतच्या इंग्रजी शिक्षणातून काय उरते, हे पाहावे असे ते म्हणत. त्यांच्या मते वाचनशक्ती ही सर्वांत टिकाऊ शिल्लक होती. मराठी शाळांच्या संदर्भात हा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे. आठवीत, दहावीत शाळा सोडून शेतात, कारखान्यात, दुकानात जाणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजीची दहा वर्षे काय ठेवतात? बंदीच्या वर्गाने दिलेली पाठ केलेली उत्तरे परीक्षेबरोबर संपतात. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला भाषा येत नाही, आपल्यातच काही उणे आहे, ही समजूत मागे राहते.

ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे पुरावे त्याच मुलाच्या वहीत तांबड्या रेघांखाली पडलेले असतात. ‘सिन्स टू इयर्स’ लिहिणारा मुलगा एका भाषेचे नियम अचूक जाणतो. इंग्रजीच्या अध्यापनाचा आरंभ या जाणिवेपासून झाला, तर शाळा अर्धवट सोडून जाणाऱ्याच्या हातीही दोन गोष्टी उरतील : एक, अडखळत का होईना, नवे इंग्रजी वाक्य उलगडून वाचण्याची रीत, आणि दुसरी, आपल्या भाषेविषयीचे डोळस ज्ञान. यांपैकी कोणतीही गोष्ट मराठीला वर्गाबाहेर उभे करून मिळणार नाही.